औषधी झाडाच्या आत राहणारी बुरशी आणि तिच्यातलं बॅक्टेरियाविरोधी रसायन: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

औषधी झाडाचं पान आणायचं, त्याच्या आतली बुरशी वेगळी काढायची, वाढवायची, अर्क काढायचा आणि बॅक्टेरियाच्या प्लेटवर झोन (बॅक्टेरिया न वाढलेला मोकळा गोल) येतो का बघायचं. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक करणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाट्याला हा प्रोजेक्ट येतो आणि कागदावर तो खूप सोपा दिसतो. तो करता येतोच, त्यात शंका नाही, पण प्रत्येक पायरीवर तुम्ही नकळत एक दावा करत असता. आधी म्हणता ही बुरशी पानाच्या आतलीच आहे, मग म्हणता हे रसायन त्या बुरशीनेच बनवलंय, आणि शेवटी म्हणता बॅक्टेरिया या रसायनानेच मेले. हे तिन्ही दावे झोनच्या फोटोने सिद्ध होत नाहीत, ते शेजारी ठेवलेल्या साध्या कंट्रोल प्लेटने (तुलनेसाठी लावलेली, तपासायची गोष्ट नसलेली प्लेट) सिद्ध होतात. म्हणून या लेखात मी कंट्रोलवर जरा जास्तच बोलणार आहे.

आधी थोडी ओळख

झाडाच्या जिवंत भागांच्या आत, झाडाला दिसण्यासारखा काही त्रास न देता राहणाऱ्या सूक्ष्मजीवांना एंडोफाइट म्हणतात. हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ अँटन डी बॅरी यांनी १८६६ मध्ये वापरला. आजवर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक झाडात अशी बुरशी सापडलीय, त्यामुळे "माझ्या झाडात असेल का" ही काळजी करू नका, असतेच. पानातली बहुतेक बुरशी बाहेरूनच आलेली असते, हवेतून किंवा पावसाच्या पाण्यातून स्पोर (बुरशीची सूक्ष्म बीजं) येतात आणि पानात शिरतात, म्हणून कोवळ्या पानापेक्षा जून पानात जास्त प्रकार मिळतात. नमुना घेताना हे लक्षात ठेवा.

मग औषधी झाडच का? एक अंदाज असा की झाड आणि बुरशी खूप काळ एकत्र राहिलेत तर त्यांच्या रसायनांतही काही नातं असेल. १९९३ मध्ये पॅसिफिक यू या झाडातल्या टॅक्सोमायसिस अँड्रियानी या बुरशीत टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं औषध सापडल्याचं जाहीर झालं आणि या क्षेत्रात एकदम गर्दी झाली. पण पुढे २०१३ मध्ये त्याच बुरशीचा जीनोम तपासून दुसऱ्या गटाने दाखवलं की ती स्वतंत्रपणे टॅक्सॉल बनवते असा पुरावा मिळत नाही. मला ही गोष्ट नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते, कारण "झाडात जे औषध आहे तेच बुरशीत मिळेल" ही आशा धरून सुरुवात केली की माणूस स्वतःच्या डेटाकडे नीट बघत नाही. बुरशीकडे बुरशी म्हणून बघा, तिची स्वतःची केमिस्ट्रीच पुरेशी श्रीमंत आहे.

आणि ती आहेच. पेनिसिलिन (१९२८) सगळ्यांना माहीत असतं. सेफॅलोस्पोरिन गटाची सुरुवात इटलीतल्या सार्डिनिया बेटावर, कॅग्लियारी शहराचं सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे ब्रोट्झू यांना १९४५ मध्ये मिळालेल्या बुरशीतून झाली. फ्युसिडिक ॲसिड बुरशीतलंच. प्ल्युरोम्युटिलिन १९५१ च्या सुमारास एका छत्रीवाल्या बुरशीतून वेगळं केलं गेलं, त्यावरून बनवलेलं रेटापाम्युलिन हे त्वचेवर लावायचं औषध २००७ मध्ये आलं आणि पोटातून किंवा शिरेतून द्यायचं लेफाम्युलिन थेट २०१९ मध्ये. म्हणजे शोध लागल्यापासून जवळपास सात दशकं. घाईची कामं करणाऱ्यांसाठी हे क्षेत्र नाही हे यातून कळतं, पण गरजही तेवढीच मोठी आहे, एकट्या २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या बॅक्टेरियांमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा जागतिक अंदाज १२ लाख ७० हजार आहे.

झाड आणि नमुना

झाडाची ओळख वनस्पतीशास्त्राच्या माणसाकडून पक्की करून घ्या आणि त्या झाडाची एक फांदी फुला-फळासकट दाबून, वाळवून हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नंबरसह ठेवा. हा व्हाउचर नसेल तर पुढे कुणी विचारलं की नक्की कुठली जात होती, तर उत्तर देता येत नाही. स्थानिक नावावर विसंबू नका, एकाच नावाची दोन-तीन झाडं असतात.

परवानगीचं आधीच बघा. जैविक संपत्ती वापरून संशोधन करायचं आणि त्यातून फायदा झाला तर तो वाटून घ्यायचा यासाठी नागोया करार २०१० मध्ये झाला आणि २०१४ पासून लागू आहे. तुमच्या देशाचा त्याबाबत काय नियम आहे, संरक्षित जंगलातून पान तोडायला कुणाची परवानगी लागते, हे नमुना घेण्याआधी विचारायचं, पेपर लिहिताना नाही.

नमुना निरोगी झाडाचा घ्या, पानावर डाग, भोकं, पिवळेपणा नको, कारण डागातून निघालेली बुरशी रोगाची असू शकते आणि मग एंडोफाइट म्हणायला जागा राहत नाही. एकाच झाडाची वीस पानं घेण्यापेक्षा चार-पाच वेगवेगळ्या झाडांची थोडी-थोडी घ्या. पान, खोड, मूळ वेगवेगळ्या पिशवीत, प्रत्येकावर तारीख, जागा, झाडाचा नंबर. थंड डब्यात ठेवून लॅबमध्ये आणा आणि शक्यतो २४ तासांत काम सुरू करा, पान मरायला लागलं की आतल्या सवयीच्या बुरशीऐवजी कुजवणाऱ्या बुरशीची चलती होते.

बाहेरची बुरशी घालवणं, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम

पानाच्या पृष्ठभागावर हवेतले असंख्य स्पोर बसलेले असतात. ते मारायचे आणि आतले जिवंत ठेवायचे, अशी ही कसरत आहे. नेहमीची पद्धत अशी: वाहत्या नळाखाली पान नीट धुवायचं, माती-धूळ घालवायची, मग लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) ७० टक्के इथेनॉलमध्ये साधारण १ मिनिट, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (उपलब्ध क्लोरीन २ ते ४ टक्के) २ ते ५ मिनिटं, परत ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, आणि शेवटी निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटरने तीन वेळा धुवायचं. निर्जंतुक फिल्टर पेपरवर टिपून कोरडं करायचं. कापलेल्या कडांमधून ब्लीच आत शिरतं, म्हणून पान आधी मोठ्या तुकड्यात ठेवा, प्रक्रिया झाल्यावर कडा कापून टाका आणि मग मधल्या भागाचे ५ मिलिमीटरचे तुकडे करा.

हे आकडे म्हणजे फक्त सुरुवातीची जागा आहे. पातळ मऊ पान ५ मिनिटांत आतूनही मरून जाईल आणि जाड साल तेवढ्यात स्वच्छसुद्धा होणार नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात फक्त एवढंच करा: एकाच झाडाची पानं घेऊन हायपोक्लोराइटची वेळ १, २, ३, ५ मिनिटं अशी बदलून बघा आणि प्रत्येकीला कंट्रोल लावा. अजून एक, उघडून ठेवलेल्या बाटलीतल्या ब्लीचची ताकद दिवसेंदिवस कमी होत जाते, जुन्या बाटलीवरच्या टक्केवारीवर विश्वास ठेवून पातळ केलं तर गडबड होते, ताजं वापरा आणि दर वेळी नवीन पातळ करा.

आता कंट्रोल. दोन लावा. एक, शेवटच्या धुण्याचं पाणी ०.१ मिली घेऊन प्लेटवर पसरायचं. दोन, प्रक्रिया केलेलं पान प्लेटवर हलकं दाबायचं, क्षणभर ठेवायचं, उचलायचं आणि ती रिकामी प्लेट तशीच इन्क्युबेट करायची, याला इम्प्रिंट म्हणतात. बरेच जण फक्त पहिला करतात पण त्याने सुटलेले स्पोरच पकडले जातात, पानाला चिकटून बसलेले पाण्यात येतच नाहीत, ते इम्प्रिंटमध्ये दिसतात. इम्प्रिंट प्लेटवर काही उगवलं तर त्या बॅचमधली त्यासारखी दिसणारी बुरशी एंडोफाइट म्हणून मोजू नका, कितीही चांगला झोन देत असली तरी. मला माहितीये की हे जिवावर येतं पण इथे सोडलेली ढील पुढे सहा महिने मागे लागते.

प्लेटवर वाढवणं आणि शुद्ध करणं

पोटॅटो डेक्स्ट्रोज अगर म्हणजे पीडीए बहुतेकांना पुरतं. तयार पावडर लिटरला ३९ ग्रॅम, १२१ अंश सेल्सियसला १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह. बॅक्टेरिया येऊ नयेत म्हणून त्यात क्लोरॅम्फेनिकॉल लिटरला ५० ते १०० मिलिग्रॅम घालतात, ते उष्णता सहन करतं म्हणून आधीच घातलं तरी चालतं, स्ट्रेप्टोमायसिन मात्र माध्यम ५० अंशांच्या आसपास थंड झाल्यावर घालायचं. एका प्लेटवर पाच-सहा तुकडे पुरे, जास्त ठेवले तर एकावर एक चढतात. प्लेटच्या कडेला पॅराफिल्म (ताणून चिकटणारी पट्टी) लावा, २५ ते २८ अंशांवर ठेवा.

मग रोज बघायचं, खरंच रोज. तुकड्याच्या कापलेल्या कडेतून धागा बाहेर येताना दिसला की त्याचं टोक नव्या प्लेटवर न्यायचं, कारण दोन दिवस थांबलात तर भराभर वाढणारी एखादी बुरशी सगळी प्लेट व्यापून टाकते आणि हळू वाढणाऱ्या मागे राहतात. पहिल्या आठवड्यात काही आलं नाही म्हणून प्लेट फेकू नका, तीन-चार आठवडे ठेवा. माझं स्पष्ट मत आहे की उशिरा येणाऱ्या, हळू वाढणाऱ्या बुरशींकडे लोक पुरेसं बघत नाहीत. लवकर येणाऱ्या बहुतेक कोलेटोट्रायकम, डायापोर्थे, अल्टरनेरिया, फ्युझेरियम असल्या ओळखीच्याच निघतात. माध्यमाची ताकद निम्मी केली तर भराभर वाढणाऱ्या थोड्या शांत होतात, तोही उपाय करून बघा.

आता इथे एक जागा आहे जिथे बऱ्याच जणांचा निकाल चुकतो. तुमची बुरशी अँटिबायोटिक घातलेल्या माध्यमावर वाढलीय. तोच तुकडा उचलून बॅक्टेरियाच्या प्लेटवर ठेवला तर जो झोन येईल तो क्लोरॅम्फेनिकॉलचा असू शकतो! म्हणून शुद्ध कल्चर झाल्यावर अँटिबायोटिक नसलेल्या पीडीएवर किमान दोन-तीन वेळा सबकल्चर करा, म्हणजे नव्या प्लेटवर नेऊन वाढवा, आणि मगच टेस्टिंगला न्या. अँटिबायोटिक काढल्यावर कडेने चिकट काही वाढताना दिसलं तर बॅक्टेरिया लपलेले होते हेही त्याच वेळी कळतं.

लपलेल्या बॅक्टेरियांवरून आठवलं, रायझॉक्सिन नावाचं रसायन बरीच वर्षं रायझोपस या बुरशीचं मानलं जायचं, २००५ मध्ये कळलं की ते बुरशीच्या पेशीच्या आत राहणारा बॅक्टेरिया बनवतो. म्हणजे "बुरशीने बनवलं" हे वाक्यसुद्धा तपासायला लागतं. सुरुवातीला एवढ्या खोलात जायची गरज नाही पण एखादा स्ट्रेन (तुम्ही वेगळी काढलेली एक शुद्ध बुरशी) फारच चांगला निघाला तर त्याच्या डीएनएमध्ये बॅक्टेरियाची ओळख देणारा १६एस जीन मिळतो का हे बघणं हुशारीचं.

साठवण आणि ओळख

शुद्ध कल्चर मिळाल्या दिवशीच साठवा. स्लँटवर (नळीत तिरकं गोठवलेल्या माध्यमावर) ४ अंशांला, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांला, आणि डीप फ्रीझर नसेल तर कल्चरचे छोटे अगरचे तुकडे निर्जंतुक पाण्याच्या बाटलीत टाकून ठेवा, ही जुनी आणि स्वस्त पद्धत आहे आणि बऱ्याच बुरशी त्यात वर्षानुवर्षं टिकतात. सुरुवातीच्या पिढीचा साठा भरपूर करून ठेवा. सारखं सबकल्चर करत राहिलं की अनेक स्ट्रेन रसायन बनवायचं कमी करतात किंवा बंदच करतात, आणि मग परत जायला पहिली पिढी लागते.

ओळखीसाठी लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लू लावून स्पोर बघा, पण एंडोफाइटमध्ये स्पोरच न देणाऱ्या बुरशी खूप असतात, त्यांना नुसतं बघून नाव देता येत नाही. डीएनएचा आयटीएस भाग वाचून घ्या, आयटीएस१ आणि आयटीएस४ हे प्रायमर (तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) १९९० पासून वापरात आहेत आणि २०१२ मध्ये हाच भाग बुरशीचा अधिकृत बारकोड ठरला. ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये) सगळ्यात वर आलेलं नाव डोळे मिटून उचलू नका, डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने टाकलेले सिक्वेन्स आहेत, टाइप स्ट्रेनशी (ज्यावरून त्या जातीला नाव दिलं त्या मूळ नमुन्याशी) जुळतंय का ते बघा. कोलेटोट्रायकम, डायापोर्थे, फ्युझेरियम यांची जात एकट्या आयटीएसवर सांगता येत नाही, बीटा-ट्युब्युलिन किंवा टीईएफ१ सारखे जीन लागतात. तेवढं जमत नसेल तर फक्त प्रजातीचं (जीनसचं) नाव लिहा, अर्धवट नाव चुकीच्या नावापेक्षा कधीही बरं.

पहिली चाळणी

चाळीस-पन्नास बुरशी हातात असतील तर सगळ्यांचा अर्क काढत बसू नका. आधी अगर प्लग. ७ ते १० दिवसांच्या कल्चरमधून ६ मिलिमीटरची चकती कापायची आणि बॅक्टेरिया पसरलेल्या म्युलर-हिंटन अगरवर उपडी ठेवायची. बॅक्टेरियाचं प्रमाण गढूळपणाच्या मापावर मॅकफारलँड ०.५ इतकं, म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी पेशी. अगरची जाडी ४ मिलिमीटर ठेवा, जाडी बदलली की झोन बदलतो. रात्रभर ३५ ते ३७ अंशांवर. शेजारी बुरशी नसलेल्या कोऱ्या पीडीएची चकती ठेवायचीच ठेवायची.

बॅक्टेरिया कुठले? शिकताना बॅसिलस सबटिलिस आणि ई. कोलायचा निरुपद्रवी लॅब स्ट्रेन घ्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा हे रोग करणारे आहेत, त्यांच्यासाठी बायोसेफ्टी लेव्हल २ ची लॅब, ट्रेनिंग घेतलेला माणूस आणि वापरलेलं सगळं ऑटोक्लेव्ह करूनच फेकायची शिस्त लागते. घरी, गॅरेजमध्ये यातलं काहीही करू नका. बुरशीचंही तेच, एंडोफाइट म्हणजे सुरक्षित असं नाही, ॲस्परजिलस आणि फ्युझेरियममध्ये विषारी मायकोटॉक्सिन बनवणारे आहेत, प्लेट उघड्यावर उघडू नका आणि कुठलाही अर्क "औषधी झाडाचाच तर आहे" म्हणून चाखायचा, लावायचा विचारसुद्धा नको.

ग्राम पॉझिटिव्हवर (वरच्यांतले बॅसिलस, स्टॅफ) झोन आणि ग्राम निगेटिव्हवर (ई. कोलाय, स्यूडोमोनास) काहीच नाही, असं बहुतेक वेळा होणार. ग्राम निगेटिव्हला बाहेरून एक जादा पडदा असतो आणि आत आलेलं बाहेर फेकणारे पंप असतात, त्यामुळे तिथे थोडासा परिणाम जरी दिसला तरी तो स्ट्रेन जपून ठेवा.

मोठ्या प्रमाणावर वाढवणं आणि अर्क

निवडलेल्या पाच-सहा स्ट्रेनना पोटॅटो डेक्स्ट्रोज ब्रॉथमध्ये वाढवा, २ ते ३ आठवडे, काही फ्लास्क शेकरवर आणि काही स्थिर. दोन्ही का? कारण बुरशीच्या जीनोममध्ये रसायनं बनवायचे जेवढे जीन-गट असतात त्यातले बरेच लॅबच्या आरामात झोपलेले असतात. माध्यम, हवा, तापमान, मीठ बदललं की वेगळे जागे होतात. एकाच स्ट्रेनला अनेक परिस्थितीत वाढवून बघायच्या या पद्धतीला ओस्मॅक म्हणतात. ब्रॉथमध्ये काहीच न देणारी बुरशी शिजवून निर्जंतुक केलेल्या तांदळावर कधी कधी भरपूर देते, म्हणून एक फ्लास्क तांदळाचा जरूर ठेवा.

वाढ झाल्यावर ब्रॉथ गाळून बुरशी वेगळी करा आणि गाळलेल्या ब्रॉथचा पीएच लगेच लिहून ठेवा. बऱ्याच बुरशी ऑरगॅनिक ॲसिड सोडतात, पीएच ३-४ पर्यंत उतरतो आणि तसा कच्चा ब्रॉथ अगरमध्ये पाडलेल्या वेलमध्ये (भोकात) ओतला तर बॅक्टेरिया निव्वळ आंबटपणाने मरतात. कच्च्या ब्रॉथची टेस्ट करायचीच असेल तर पीएच ७ ला आणून करा, आणि त्याच पीएचला उतरवलेलं कोरं माध्यमही लावा.

अर्कासाठी ब्रॉथइतकंच इथाइल ॲसिटेट, सेपरेटिंग फनेलमध्ये, तीन वेळा. इथाइल ॲसिटेट पाण्यात फारसं मिसळत नाही, मध्यम पोलॅरिटीची रसायनं चांगली उचलतं आणि सहज उडतं, म्हणून सगळे तेच वापरतात. ते पेट घेतं, म्हणून फ्यूम हूडमध्येच, आणि फनेल हलवताना मधून मधून नळ उघडून आतला दाब सोडायचा. मध्ये फेसाळ थर अडकला तर थोडं मीठ घाला किंवा सेंट्रिफ्यूज करा. वरचा थर घेऊन निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढा आणि रोटाव्हॅपवर (कमी दाबात सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंशांच्या पुढे न जाता आटवा. बुरशीचा लगदा वेगळा, मिथेनॉल किंवा इथाइल ॲसिटेटमध्ये भिजवून काढा, कारण काही रसायनं पेशीतच राहतात.

अर्क पूर्ण कोरडा झाला पाहिजे. वजन स्थिर होईपर्यंत व्हॅक्यूममध्ये ठेवा, उरलेलं सॉल्व्हंट स्वतःच बॅक्टेरिया मारतं. आणि बुरशी न घातलेलं तेवढंच माध्यम, तेवढेच दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवून, अगदी तसंच एक्स्ट्रॅक्ट करा. हा कोरा अर्क नसेल तर माझ्या मते पुढचा सगळा डेटा अर्धाच आहे.

खरी टेस्ट: एमआयसी

झोन किती मिलिमीटरचा आला यावरून "माझा अर्क स्टँडर्ड अँटिबायोटिकपेक्षा भारी" असं लिहिलेलं खूप वाचायला मिळतं. असं लिहू नका. झोन रसायनाच्या ताकदीवर जेवढा अवलंबून असतो तेवढाच ते अगरमधून किती सरकतं यावरही असतो, तेलकट, मोठा रेणू जागच्या जागी बसून राहतो आणि खूप ताकदवान असूनही छोटा झोन देतो. शिवाय वेलमध्ये काही मिलिग्रॅम अर्क आणि डिस्कवर काही मायक्रोग्रॅम अँटिबायोटिक, ही तुलनाच होत नाही.

तुलना करायची ती एमआयसीने, म्हणजे वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण. ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट घ्या. अर्क डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये मिलीला १०० मिलिग्रॅम असा विरघळवा, मग म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये दर वेलला निम्मा करत न्या. शेवटी तेवढ्याच व्हॉल्यूमचा बॅक्टेरिया घालायचा असतो आणि त्याने सगळं परत निम्मं होतं हे हिशोबात धरा. बॅक्टेरिया शेवटी मिलीला साधारण ५ लाख पेशी आणि डीएमएसओ १ टक्क्याच्या वर जायला नको. १६ ते २० तास ३५ अंशांवर.

याच प्लेटवर हे वेल असलेच पाहिजेत: नुसता बॅक्टेरिया, नुसता ब्रॉथ, बॅक्टेरिया अधिक डीएमएसओ, बॅक्टेरिया अधिक कोरा अर्क, ओळखीचं अँटिबायोटिक, आणि बॅक्टेरिया न घातलेला नुसता तुमचा अर्क. हा शेवटचा बरेच जण विसरतात. अर्क रंगीत किंवा गढूळ असतो, त्यामुळे नुसत्या डोळ्याने वाढ कळत नाही, म्हणून रेझाझुरिन हा रंग घालतात, निळा राहिला तर वाढ नाही आणि गुलाबी झाला तर वाढ आहे. पण काही अर्कांतली रसायनं बॅक्टेरिया नसतानाही रेझाझुरिनला गुलाबी करतात, ते या वेलमध्ये पकडलं जातं. अँटिबायोटिकची एमआयसी ई. कोलाय एटीसीसी २५९२२ किंवा स्टॅफ ऑरियस एटीसीसी २९२१३ सारख्या प्रमाण स्ट्रेनवर ठरलेल्या मर्यादेत आली तरच त्या दिवशीची प्लेट ग्राह्य धरा, नाहीतर परत. आणि तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या फ्लास्कच्या अर्कावर करा, एकाच अर्काचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत.

आकडा आल्यावर काय समजायचं? कच्चा अर्क १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली किंवा त्याखाली काम करत असेल तर पुढे जाण्यासारखं आहे, शुद्ध रसायनाकडून १० च्या खालची अपेक्षा धरतात. मिलीला १ मिलिग्रॅमच्या वर लागत असेल तर तिथेच थांबा. मारतं की नुसतं थोपवतं हे बघायला स्वच्छ वेलमधला थेंब कोऱ्या अगरवर टाका, ९९.९ टक्के मेले ते एमबीसी, आणि एमबीसी एमआयसीच्या चौपटीच्या आत असेल तर मारणारं म्हणतात.

रसायनापर्यंत

इथून पुढे केमिस्ट सोबत घ्या, एकट्याने ओढू नका. अर्क टीएलसी प्लेटवर (मिश्रणातली रसायनं वेगळ्या ठिपक्यांत पसरवणाऱ्या पातळ थराच्या प्लेटवर) चालवा, त्या प्लेटवर बॅक्टेरिया घातलेला पातळ अगर ओता आणि रंग द्या, जिथे वाढ नाही तो ठिपका तुमचा, याला बायोऑटोग्राफी म्हणतात आणि कमी खर्चात खूप सांगून जाते. मग सिलिका कॉलम, प्रत्येक फ्रॅक्शनची (वेगळ्या निघालेल्या भागाची) परत टेस्ट, चांगलं असेल ते आणखी बारीक वेगळं करणाऱ्या एचपीएलसी यंत्राला. कधी कधी वेगळं केल्यावर सगळ्याच फ्रॅक्शनची ताकद जाते, तेव्हा दोन फ्रॅक्शन परत एकत्र करून बघा, दोन रसायनं मिळून काम करत असतील.

शुद्ध करायला महिने घालवण्याआधी एलसी-एमएस (रसायनं वेगळी करून त्यांचं वजन मोजणारं यंत्र) करून रेणूचं वजन आणि तुकड्यांचा पॅटर्न डेटाबेसशी ताडून बघा, याला डीरेप्लिकेशन म्हणतात. लिनोलेइक ॲसिडसारखी फॅटी ॲसिडं ग्राम पॉझिटिव्हवर छान परिणाम दाखवतात आणि जवळजवळ प्रत्येक बुरशीत असतात, त्यांच्या मागे वर्ष घालवू नका. ओळखीचं रसायन निघालं म्हणून लगेच हिरमुसायचं मात्र नाही. कडुनिंबाच्या मुळातल्या क्लोरिडियम या बुरशीतून २००९ मध्ये जॅव्हॅनिसिन मिळालं, हे रसायन फ्युझेरियममधून १९४० च्या दशकातच माहीत होतं, पण ते स्यूडोमोनासवर जोरदार काम करतं हे तिथे दिसलं, आणि तोच त्या कामाचा खरा ऐवज होता.

शुद्ध रसायन हातात आलं की माणसाच्या पेशींवर किती विषारी आहे हे लगेच बघा, रक्तपेशी फोडतं का तेही. बॅक्टेरिया मारणारी खूप रसायनं सगळंच मारतात. पेशींना मारणारं प्रमाण एमआयसीच्या जवळपासच असेल तर ते रसायन अँटिबायोटिक म्हणून पुढे नेऊ नका.

दुसऱ्या बॅचमध्ये ॲक्टिव्हिटी गायब झाली तर

हे होणारच आहे म्हणून वेगळं लिहितो. आधी ग्लिसरॉलमधली पहिली पिढी काढा आणि तिच्यापासून सुरू करा. माध्यमाची कंपनी किंवा बॅच बदलली का बघा, बटाट्याचं माध्यम प्रत्येक बॅचला थोडं वेगळं असतं. फ्लास्क तेवढाच होता का, त्यात ब्रॉथ तेवढाच होता का, कारण ५०० मिलीच्या फ्लास्कमध्ये २०० ऐवजी ३५० मिली भरलं की हवा कमी मिळते आणि बुरशीचं वागणं बदलतं. किती दिवसांनी काढला तेही बघा, काही रसायनं दहाव्या दिवशी भरपूर असतात आणि विसाव्या दिवशी बुरशीनेच मोडून टाकलेली असतात, त्यामुळे एकदा तरी दर तीन दिवसांनी थोडा थोडा ब्रॉथ काढून टाइम कोर्स करा. आयटीएस परत वाचून तीच बुरशी आहे ना याची खात्री करा. हे सगळं करूनही परत आली नाही तर त्या झाडाच्या चुरडलेल्या पानांचा निर्जंतुक अर्क थोडासा माध्यमात घालून वाढवून बघा, काही स्ट्रेन यजमानाचा अंश मिळाला की परत बनवायला लागतात. मात्र त्या वेळी पानाचा अर्क घातलेलं पण बुरशी नसलेलं माध्यमसुद्धा शेजारी एक्स्ट्रॅक्ट करायला लागेल, कारण ते पान औषधी आहे आणि बॅक्टेरियावर त्याचा स्वतःचाही परिणाम असू शकतो.